नाथसागराची प्रदक्षिणा

छत्रपती संभाजीनगरात पाहुणा आला की बेत ठरलेला असतो. एक दिवस बीबी का मकबरा, पाणचक्की आणि देवगिरीचा किल्ला, एक दिवस वेरूळ आणि घृष्णेश्वर, एक दिवस अजिंठा. शहराच्या दक्षिणेला पाहुण्याची गाडी वळते ती एक तर पैठणी खरेदीला, नाही तर शिर्डी-शिंगणापूरला जाताना. पुण्याच्या रस्त्याने निघालं की कायगावला गोदावरीचा लांबलचक पूल लागतो. कोणी खिडकीतून पाण्यात नाणं टाकतं, कोणी हात जोडतं आणि गाडी पुढे निघून जाते.

ज्या पाण्यात ते नाणं पडतं, त्याच्या खालच्या टोकाला पैठण आहे. वरच्या अंगाला, गोदावरीला येऊन मिळणाऱ्या प्रवरेवर, नेवासा आहे. पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, नेवासा अहिल्यानगर जिल्ह्यातलं. एक मराठवाड्यात, दुसरं जुन्या मुंबई इलाख्यात वाढलेलं. दोन्ही तालुक्याची गावं आणि दोन्हीकडे एस.टी.ने सहज पोचता येतं. तरीही एकाच प्रवासात ही दोन्ही गावं जोडीनं पाहणारा माणूस विरळाच.

नदीकाठच्या जोडगावांचं जगाला अप्रूप आहे. अमेरिकेत मिसिसिपीच्या काठावरची मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही शहरं जुळी शहरं म्हणूनच ओळखली जातात. डॅन्यूबच्या दोन काठांवरची बुडा आणि पेस्ट १८७३ साली एक होऊन बुडापेस्ट झालं. आपल्याकडे कृष्णाकाठी सांगली-मिरज आहेतच. पैठण आणि नेवाशाच्या मध्ये पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे त्यांना कोणी जुळी म्हणत नाही. पण एका ग्रंथाने या दोन गावांना असं बांधलं आहे की एक पाहून दुसरं न पाहणं म्हणजे पोथी अर्ध्यावर मिटण्यासारखं आहे. तो ग्रंथ म्हणजे ज्ञानेश्वरी. ती सांगितली गेली नेवाशात आणि तीनशे वर्षांनी तिची शुद्ध प्रत तयार केली पैठणच्या एकनाथांनी.

प्रवासाची सुरुवात पैठणपासून करावी. शहरातून दक्षिणेला निघालं की चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावं मागे टाकत पन्नासेक किलोमीटरवर पैठण येतं. गोदावरीच्या डाव्या तीरावरचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी प्रतिष्ठान या नावाने सातवाहनांची राजधानी होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने भारताच्या किनाऱ्यावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात पैठणचं नाव येतं. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथून गाड्यांवर लादून रंगीत दगड बंदराकडे येतात, असं तो सांगतो. टॉलेमीच्या भूगोलातही पैठण राजधानी म्हणून नोंदलेलं आहे. ‘गाथा सप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह सातवाहन घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीचं प्राचीनपण सांगताना अभ्यासकांनी ज्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यात हा संग्रह अग्रभागी होता.

त्या राजधानीचं आज डोळ्यांना काय दिसतं? गावाच्या एका बाजूला मातीचं मोठं पांढरीचं टेकाड आहे. पैठणकर त्याला ‘पालथी नगरी’ म्हणतात. शहर जसंच्या तसं उलटं होऊन जमिनीत गेलं, अशी लोकांची समजूत. पावसाळ्यानंतर इथे खापरं आणि मणी वर येत, नाणी सापडत. पैठणच्या बाळासाहेब पाटलांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून गावात वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. गाव पाहण्याआधी ते संग्रहालय पाहावं. मग गल्लीबोळातून चालताना आपण कशावरून चालतो आहोत, हे कळतं.

पैठणचं आजचं मन मात्र सातवाहनांपेक्षा नाथांपाशी जास्त गुंतलेलं आहे. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ हा मानला जातो. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, तेव्हा पैठण आणि देवगिरी या वाटेला नाथांचे पाय चांगले सरावलेले असणार. गावात दोन नाथमंदिरं आहेत. एक गावातलं, म्हणजे नाथांचा राहता वाडा. दुसरं नदीकाठचं, समाधीचं.

वाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा एक पोरगा नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरत होता आणि तो साक्षात श्रीकृष्ण होता, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. तुकाराम बीजेला हा रांजण भरायला सुरुवात होते. बायाबापड्या आणि वारकरी घागरीने, तांब्याने गोदेचं पाणी आणून त्यात ओततात. ज्याच्या हातून रांजण भरून वाहील, त्याच्या रूपाने देव येऊन गेला, असं मानतात. मग फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. दिंड्या येतात, नदीचं वाळवंट राहुट्यांनी भरून जातं, आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटली की लोक परतीला लागतात. एरवी दुपारच्या वेळी वाड्यात गेलं तर चार-दोन माणसं असतात. रांजणाजवळ निवांत उभं राहता येतं. तोंडाजवळचा दगड हातांनी गुळगुळीत झालेला दिसतो.

नदीवरच्या नागघाटाशी दुसरी आठवण आहे, आणि ती नाथांच्याही आधीची. आईवडिलांनी देहत्याग केल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे आली. संन्याशाची पोरं म्हणून त्यांची हेटाळणी झाली. सगळ्यांच्या ठायी एकच आत्मा असेल तर हा रेडा वेद म्हणेल का, असं कोणी विचारलं आणि ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, अशी परंपरा सांगते. घाटावर त्या रेड्याची मूर्ती आहे. चमत्कार मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. कथेतलं दुखणं मात्र खरं आहे. ज्ञान कोणाचं आणि ते कोणत्या भाषेत सांगायचं, हा वाद पैठणच्या घाटावर उभा राहिला होता. त्याचं उत्तर द्यायला ज्ञानदेव इथून नेवाशाला गेले.

घाटावरून निघाल्यावर पैठणीच्या मागाजवळ थोडा वेळ थांबावं. गावात आता माग थोडे राहिले आहेत. आज सर्वाधिक माग चालतात ते येवल्यात. पण ज्या गावाने साडीला नाव दिलं, तिथल्या विणकाम केंद्रात अजूनही ती कशी बनते हे पाहायला मिळतं. पदर विणताना कारागिरासमोर एकाच ओळीत रंगीत रेशमाच्या कितीतरी छोट्या कांड्या लोंबत असतात. मोराच्या मानेची निळी, पंखाची हिरवी, चोचीची लाल, प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. एक धागा आपल्या जागेपुरता विणला जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवला जातो आणि तिथेच मागे फिरतो. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी पाठीमागे लोंबते धागे दिसत नाहीत, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ओळखायची सोपी खूण ही. दिवसभर बसून बोटभर पदर पुढे सरकतो. आसावली, बांगडी मोर, मुनिया, अजिंठ्याचं कमळ अशी नक्षीची नावं कारागीर मागावरून नजर न हलवता सांगतो. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

गावाच्या वरच्या अंगाला धरणाची भिंत दिसते. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची ही मातीची भिंत आणि तिला २७ दरवाजे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. धरणाला नाव जायकवाडी, पण जायकवाडी नावाचं गाव पैठणजवळ शोधू नये. मूळ धरण बीड जिल्ह्यात जायकूचीवाडीजवळ बांधायचं होतं. जागा बदलून वर पैठणला आली, नाव तेच राहिलं. जलाशयाला लोकांनी नाव दिलं नाथसागर.

पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं वापरता येणारं पाऊणशे टीएमसीच्या आसपास, बाकीचा मृतसाठा. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा, मराठवाड्याच्या कोरड्या जमिनीला पाणी देणारा. छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणी इथूनच उचललं जातं. उद्योगांची तहानही हेच धरण भागवतं. या पाण्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचीही आठवण ठेवायला हवी. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की काठावरच्या गावांत जुन्या देवळांचे कळस आणि घरांचे पाये उघडे पडतात. म्हातारी माणसं नातवंडांना तिथे नेऊन आपलं घर कुठे होतं ते दाखवतात. आणि धरणाखालच्या पैठणलाही या पाण्याने कधीकधी वेठीला धरलं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला तेव्हा पैठणकरांना घरं सोडून उंचावर जावं लागलं होतं.

हिवाळ्यात मात्र याच पाण्यावर दूरदेशीचे पाहुणे उतरतात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. उथळ किनाऱ्यावर रोहित पक्ष्यांचे थवे, हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, चक्रवाक, कांड्या करकोचे असे पक्षी दिसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी लवकर गेलं आणि दुर्बीण जवळ असली तर एवढ्यासाठीही पैठणची फेरी सार्थकी लागते. धरणाच्या पायथ्याचं संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर उभारलेलं आहे. ते उघडं आहे की डागडुजीसाठी बंद, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्यावं.

पैठणहून गोदावरी ओलांडली की जिल्हा बदलतो. शेवगाव, कुकाणा, भेंडा असा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, भेंड्याला ज्ञानेश्वर साखर कारखान्याचं धुराडं. गळीत हंगामात बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. त्या रांगेत ऊसतोडीला आलेली मराठवाड्यातली कुटुंबंही असतात. धरण झाल्यानंतरही मराठवाड्याच्या मोठ्या भागाची तहान का भागली नाही, हा प्रश्न इथे आपोआप मनात येतो.

नेवासा प्रवरेच्या दोन काठांवर वसलं आहे, नेवासा खुर्द आणि नेवासा बुद्रुक. भंडारदऱ्याहून निघालेली प्रवरा वाटेत मुळेला सोबत घेऊन इथे येते आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. नदीकाठच्या उंच टेकाडाला गावात लाडमोड म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी १९५४ पासून इथे उत्खनन केलं. वरच्या थरात मध्ययुगीन वस्ती, तिच्याखाली सातवाहनकाळ, त्याच्याखाली ताम्रपाषाणयुगातली शेतकऱ्यांची घरं आणि नदीच्या गाळात अश्मयुगातली दगडी हत्यारं. माणूस या एका वळणावर पुन्हा पुन्हा येऊन राहिला, याचा पुरावाच त्या टेकाडाने दिला. मधल्या अश्मयुगातल्या हत्यारांच्या एका परंपरेला सांकळियांनी ‘नेवासियन’ असंच नाव दिलं.

सातवाहनकाळाच्या थरात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं मिळाली. म्हणजे पैठणच्या बाजारात उतरणारा परदेशी माल नेवाशाच्या घरातही पोचत होता. त्याहून मनाला भिडणारी वस्तू खालच्या, तीन हजार वर्षांहून जुन्या थरात निघाली. त्या काळी लहान मूल दगावलं तर दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. अशाच एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत तांब्याच्या गंजाने टिकवून ठेवलेला दोऱ्याचा तुकडा होता. तपासणीत त्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतू असल्याची नोंद झाली. पैठणच्या मागावरचं रेशीम सकाळी पाहिलेलं असेल, तर दुपारी नेवाशाच्या या टेकाडावर उभं राहताना ते मूल आणि त्याच्या गळ्यात माळ घालणारे हात डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत.

या टेकाडावरच्या वस्तू मात्र नेवाशात पाहायला मिळत नाहीत. उत्खननातल्या वस्तू पुण्याला गेल्या, अहवालही १९६० साली इंग्रजीत निघाला. गावातल्या शाळेच्या पोरांना आपल्या नदीकाठी काय सापडलं हे हाताने दाखवता येईल, असं एखादं छोटं दालन नेवाशात व्हायला हवं. पैठणला जे एका माणसाच्या ध्यासातून झालं, ते नेवाशाला सरकार आणि विद्यापीठं मिळून नक्कीच करू शकतील.

गावाच्या पश्चिमेला ज्ञानेश्वर मंदिर आहे. आत मूर्तीच्या आधी नजर जाते ती एका दगडी खांबाकडे. हाच पैसाचा खांब. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरचं भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, असं सांगतात. खांबावर जुन्या अक्षरात शिलालेख आहे. त्यात ज्ञानेश्वरांचं नाव नाही. करवीरेश्वराच्या देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. करवीरेश्वराचं ते देऊळ काळाच्या ओघात गेलं आणि उघड्यावर उभा राहिला तो हा एकटा खांब. बन्सी महाराज तांबे यांच्या पुढाकाराने त्याच्याभोवती आजचं मंदिर उभं राहिलं. दुर्गा भागवतांना या खांबाने इतकं झपाटलं की त्यांनी आपल्या ललितलेखांच्या संग्रहाला ‘पैस’ हेच नाव दिलं, आणि त्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मंदिरात कोणी ना कोणी पारायणाला बसलेलं असतं. जवळ जाऊन पाहिलं तर पुस्तकाची पानं हळद-कुंकवाने आणि बोटांच्या डागांनी पिवळी पडलेली असतात.

ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओव्यांत तिचा पत्ता दिलेला आहे. गोदावरीच्या दक्षिण तीरावरचं हे क्षेत्र, यादवकुळातला राजा रामचंद्र, शके १२१२ हे साल आणि लेखक सच्चिदानंदबाबा, अशा सगळ्या खुणा त्यात येतात. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. सुमारे नऊ हजार ओव्या, आणि त्या सांगणाऱ्याचं वय परंपरेप्रमाणे अवघं पंधरा. रामचंद्राची राजधानी देवगिरी. म्हणजे आज ज्या शहरातून आपण सकाळी निघालो, त्याच्या शेजारच्याच किल्ल्यावरून तेव्हाचा कारभार चालत होता.

गावात मोहिनीराजाचं मंदिरही पाहावं. समुद्रमंथनानंतर अमृत वाटणाऱ्या मोहिनीरूपातल्या विष्णूची ही मूर्ती. अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी बांधलेलं हे देऊळ कोरीव दगडी कामासाठी नावाजलेलं आहे.

परतीला पुण्याचा महामार्ग धरला की प्रवरासंगमला थोडं थांबावं. संगमाच्या काठी टोक्याचं पेशवेकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. सकाळपासून ज्याला वळसा घातला, त्या नाथसागराचं फुगवट्याचं पाणी इथपर्यंत आलेलं दिसतं. दुष्काळी वर्षात या जागेला वेगळाच अर्थ येतो. नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायचं की नाही, यावरून तेव्हा वाद पेटतो. २०१४ साली राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून पाणी सोडायचं, असं ठरलं. भंडारदरा, निळवंडे आणि मुळेतून सुटलेलं ते पाणी नेवाशाच्या पुलाखालूनच पैठणकडे जातं. ते अडवायला आणि आणायला दोन्हीकडचे लोक रस्त्यावर उतरतात. दोन्हीकडचे लोक त्याच ज्ञानेश्वरीचं पारायण करतात, हेही खरं आहे.

ही फेरी एका दिवसात होते. पैठण, शेवगाव, नेवासा, प्रवरासंगम आणि वाळूजमार्गे परत, असं सगळं अंतर दोनशे किलोमीटरच्या आत भरतं. स्वतःची गाडी नसेल तर दोन दिवसांत दोन फेऱ्या कराव्यात. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या नेवासा फाट्याला बस मिळत राहते. शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात, त्या जाव्यातच. त्याबरोबर एक सहल या वाटेनेही निघावी. मराठीच्या पुस्तकात जे धडे वाचतो ते कुठे घडले, हे पोरांना एका दिवसात पाहता येईल.

आणि दिवस निवडायचा झाला तर पंचांगात एक तिथी आहेच. नेवाशात सांगितलेल्या ग्रंथात पुढच्या तीन शतकांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले. एकनाथांनी जुन्या प्रती जमवून, ओवी ओवी ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम पुरं झालं त्या भाद्रपद वद्य षष्ठीला महाराष्ट्रभर ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते. तोवर पावसाळा सरत आलेला असतो. पाऊस बरा झालेला असेल तर त्या सुमाराला नाथसागर काठोकाठ भरलेला असतो.